मुलांच्या खोलीतील ब्लाइंड्स: साखळी उंच बांधावी की ब्लाइंडच बदलावे?

प्रश्न
नमस्कार. आमची मुलगी दहा महिन्यांची असून आता हाताला लागेल ते धरून उभी राहते. तिच्या खोलीतील खिडकीच्या रोलर ब्लाइंडची (गुंडाळून वर जाणाऱ्या पडद्याची) मण्यांची साखळी काल तिने ओढून मानेपर्यंत नेलेली पाहिली आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. साखळी उंच बांधून ठेवणे पुरेसे आहे, की ब्लाइंडच बदलावे?

उत्तर १
ब्लाइंडच बदलावे, असे मी आग्रहाने सांगेन. साखळीचा अखंड वेढा मानेत अडकला, तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. गळा आवळला गेल्यामुळे मुलाला ओरडता येत नाही आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही काही कळत नाही. साखळी बांधून ठेवण्याचा उपाय घरातील प्रत्येकाने, दर वेळी, न विसरता केला तरच उपयोगाचा. खालची पट्टी हाताने धरून वर-खाली करता येणारे बिनदोरीचे ब्लाइंड किंवा दांडीवर सरकणारे साधे पडदे घ्यावेत. अमेरिकेत २०१८च्या मानकात तयार विकल्या जाणाऱ्या ब्लाइंड्सना दोरी नसावी किंवा ती मुलांच्या हाती लागू नये, अशी अट आली.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. मात्र नवीन ब्लाइंड येईपर्यंत साखळी ताणून धरणारी पकड भिंतीत स्क्रूने पक्की बसवावी, म्हणजे सैल वेढा उरणार नाही. सुट्या दोऱ्या असतील, तर जमिनीपासून किमान दीड मीटर उंचीवरील खुंटीला गुंडाळाव्यात. पाळणा, खुर्ची, खेळण्यांची पेटी आजच खिडकीपासून दूर हलवा, कारण मूल चढू लागले की या उंचीला काही अर्थ राहत नाही. रोमन ब्लाइंडच्या (घड्या पडत वर जाणाऱ्या कापडी पडद्याच्या) मागील बाजूच्या दोऱ्याही तपासाव्यात. त्या समोरून दिसत नाहीत, म्हणून हमखास राहून जातात.

उत्तर ३
मोटरवर चालणारे ब्लाइंड घेणार असाल, तर रिमोटमध्ये बटण सेल (नाण्यासारखी छोटी चपटी बॅटरी) आहे का, हे आधी पाहावे. असा सेल गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे हवे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. पाळणा आत्ताच समोरच्या भिंतीकडे हलवला आहे आणि साखळीचे ब्लाइंड आज उतरवून ठेवत आहोत. बिनदोरीचे मिळेपर्यंत खिडकीला साधा पडदा राहील.