मदत हवी आहे: लॉटन सर्व्हे नंबरावरून आजचा सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे भूमापन) नंबर कसा काढायचा?

मुंबईतल्या भुलेश्वर डिव्हिजनमधल्या एका वाड्याचं जुनं खरेदीखत वाचतोय. त्यात फक्त कलेक्टरचे जुने-नवे नंबर आणि लॉटन सर्व्हे (ब्रिटिश काळातली मुंबईची मोजणी) नंबर आहेत, सी.एस. नंबर नाही. क्षेत्रफळ चौरस यार्डात आहे (गुणिले ०.८३६, म्हणजे चौरस मीटर). चतुःसीमेत पूर्वेला 'तळ्याची वाट' लिहिलंय, पण तळं बुजलंय. सी.पी. टँक आणि धोबी तलाव ही नावं उरली, पाणी नाही!

लॉटनचा नकाशा १८७२ च्या सुमाराचा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने सँडहर्स्ट रोड (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढताना वाड्या मधोमध कापल्या. त्यामुळे एका जुन्या नंबराचे दोन-तीन तुकडे झाले असणार, आणि खतातलं क्षेत्रफळ आजच्या प्रॉपर्टी कार्डाशी जुळणार नाही.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) लॉटनचा नकाशा आजच्या नकाशावर बसवताना देवळांचे कोपरे खुणा म्हणून धरतोय, रस्त्यांच्या कडा मुद्दाम टाळल्या, त्या रुंदीकरणात सरकतात. तरी गल्लीची टोकं जुळत नाहीत.

लॉटन नंबर आणि सी.एस. नंबर शेजारीशेजारी असलेला दप्तरातला तक्ता कुणी पाहिलाय का? अर्जात नेमकं काय मागायचं: जुनं कार्ड, की चौकशी नोंदवही?