अनुभव धागा: मॅनेजमेंटच्या नोकरीपर्यंत तुम्ही कोणत्या शिक्षणाने पोचलात?

पुणे, मनुष्यबळ विभाग (धागा सुरू करतेय)

माझी भाची बारामतीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, पुढे एमबीए म्हणतात सगळे. पण माझ्यासाठी तेच बरोबर आहे का, हे कुणी सांगत नाही." तासभर बोलले तिच्याशी. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी तिला पंचवीस वर्षांपूर्वीचं सांगत बसले होते. म्हणून हा धागा. कॉलेजांची क्रमवारी नको, ती कुठेही मिळते. तुम्ही काय शिकलात, कधी शिकलात आणि नोकरी किंवा बढती देताना समोरच्याने तुमचा नेमका कोणता कागद मागितला, तेवढं लिहा.

माझं सांगते. कऱ्हाडहून बी.एस्सी. केमिस्ट्री. भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले. मस्टर, ओव्हरटाइमचे तास, पीएफची चलनं, ईएसआयची कार्डं. बढती हवी म्हणून संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डीबीएम, म्हणजे बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा, केला. साहेबांनी पेढे खाल्ले, अभिनंदन केलं आणि मी दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर. मला हवं असलेलं पद होतं कामगार कल्याण अधिकाऱ्याचं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ प्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे ते पद भरावंच लागायचं आणि त्याला कोणती पदवी चालते हे सरकारी नियमांत ठरलेलं होतं. डीबीएम त्यात बसत नव्हतं. कामगारांच्या रजा, कॅन्टीनची भांडणं, अपघाताचे अर्ज सगळं मी बघायचे, पण सही दुसऱ्याची. नियम वाचला तो चार वर्षांनी. मग एमपीएम (मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) केलं, रोज संध्याकाळी, दोन वर्षं, पदरात लहान मूल. निकाल लागला आणि दोन महिन्यांत नेमणुकीचं पत्र हातात आलं. ती चार वर्षं मला अजून सलतात. कोर्सची फी भरायच्या आधी त्या पदाची अर्हता वाचायला हवी होती.

सातारा जिल्हा, पतसंस्था

ताई, तुमच्या भाचीला एक वाट हमखास कुणी सांगणार नाही, ती मी सांगतो. जी.डी.सी. अँड ए.

मी बी.कॉम. झालो तेव्हा घरची परिस्थिती एमबीएची नव्हती. गावच्या पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागलो. पिग्मीची खाती जुळवायची, संध्याकाळी एजंट पैसे घेऊन आले की कॅश मोजायची. आमच्या संस्थेचं ऑडिट करायला जे गृहस्थ यायचे त्यांनी एकदा विचारलं, "डिप्लोमा का करत नाहीस?" सहकार आणि लेखाकर्माचा शासकीय डिप्लोमा. परीक्षा सहकार खात्याकडून होते, कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. लेखाकर्म, लेखापरीक्षण, सहकाराची तत्त्वं, सहकार कायदा. फी एमबीएच्या मानाने नगण्य. कॉलेजला जायचं नाही, नोकरी सांभाळून अभ्यास. पहिल्या वेळी माझा कायद्याचा पेपर राहिला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मी कादंबरीसारखा वाचला होता, कलमांच्या क्रमांकासकट लिहायचा सराव नव्हता. दुसऱ्या वर्षी तो सराव केला आणि पास झालो.

आज एका पतसंस्थेचा व्यवस्थापक आहे. आमच्याकडच्या बँका, पतसंस्था, दूध संघ, सूतगिरण्यांच्या जाहिराती काढून बघा. "जी.डी.सी. अँड ए. असल्यास प्राधान्य" ही ओळ जागोजागी दिसेल. पदवी, हा डिप्लोमा आणि ऑडिटचा पुरेसा अनुभव असला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून सहकार खात्याच्या नामतालिकेवर (यादीवर) येता येतं, म्हणजे पुढे स्वतःचं कामही करता येतं. मी नंतर मुक्त विद्यापीठातून एमबीएही केलं. संचालक मंडळासमोर पाच वर्षांचा आराखडा मांडायला त्याने शिकवलं, ते शिक्षण वाया गेलं असं कधी वाटलं नाही. पण माझ्या पदासाठी ते प्रमाणपत्र आजवर कुणी मागितलेलं नाही.

लातूर, सध्या मुंबई

मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग दोन वर्षं साखर कारखान्यात, मग एमबीएच्या प्रवेशाची सीईटी. मी दिली तेव्हा २०० प्रश्न आणि १५० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हे मित्राने बजावलं होतं. सगळ्यात जास्त, ७५ प्रश्न तर्कक्षमतेचे. गणितात बरा असलेला माणूस तिथेच मागे पडतो, कारण तो सराव गणिताचा करत बसतो.

गुण चांगले आले. घात झाला कागदांवर. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत मिळालं नाही आणि माझा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला. ते वर्ष घरी बसलो. आई रोज दाराकडे बघायची, पोस्टमन येतो का म्हणून. पुढच्या वर्षी सगळे दाखले आधी आणि परीक्षा नंतर, असं ठरवलं. पुणे विद्यापीठाच्या पुम्बाला, म्हणजे तिथल्या एमबीएच्या विभागात, जागा मिळाली.

कॅम्पसवर मुलाखत झाली तेव्हा बोलणं एमबीएच्या पुस्तकांवर फार चाललं नाही. रोजचं गाळप किती टन, ऊस वाटेत वाळला तर काय, शेतकऱ्याला १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे तर कारखाना रोखीची सोय कशी लावतो, हेच विचारत राहिले. मी सगळं सांगू शकलो कारण ते डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या बॅचमधल्या पदवीनंतर थेट आलेल्या मुलांना हेच जड गेलं. भाचीला म्हणा, दोन वर्षं कुठेतरी काम कर. काकांच्या दुकानात का होईना, पण हिशेब स्वतःच्या हाताने ठेव.

नाशिक

सीएची फायनल दोनदा दिली, दोन्ही ग्रुप निघाले नाहीत. पास व्हायला प्रत्येक पेपरला ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. मी एकदा एकूणात ४ गुणांनी राहिले. घरात कुणी काही बोललं नाही, त्याचाच त्रास जास्त झाला. पण सीएच्या हाताखाली केलेली तीन वर्षांची आर्टिकलशिप कुठे जात नाही. "सेमी क्वालिफाइड" म्हणून अंबडच्या एका कंपनीत कॉस्टिंगला घेतलं. तिथे राहून सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम) पूर्ण केलं. आज फायनान्स, खरेदी आणि स्टोअर्स तिन्ही माझ्याकडे आहेत. प्रशासन म्हणजे एमबीए एवढंच समीकरण ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी मध्यम कारखान्यांत एकदा डोकावावं. तिथे शेवटचा शब्द बऱ्याचदा ज्याला वस्तूची किंमत काढता येते त्याचा असतो.

डिचोली, गोवा

माझी वाट हॉटेलांची. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, पर्वरीच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटमध्ये तीन वर्षांची पदवी. हॉस्पिटॅलिटी आणि हॉटेल ॲडमिनिस्ट्रेशन असं तिचं नाव असलं तरी पहिल्या वर्षी भाजी चिरणं, खोल्या लावणं, टेबल मांडणं हेच. बाबांना ते आवडलं नव्हतं. आज जनरल मॅनेजरच्या खालोखाल आहे आणि हाताखालच्या माणसाला कोणतं काम किती वेळात होतं हे सांगावं लागत नाही, मला ठाऊक असतं. सांखळीच्या जीआयएममधून (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) शिकलेले सहकारी आमच्या समूहात विक्री आणि दर ठरवण्याच्या कामात आहेत, तिथे ते माझ्यापेक्षा पुढे आहेत. दोघांची गरज लागते.

नाव नको

मी मॅनेजमेंटचं दोन वर्षांचं पीजीडीएम केलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. वडिलांनी शेतीवर कर्ज काढलं होतं. पुढे एका नोकरीत "ही पदवी आहे का?" असं विचारलं तेव्हा कळलं की विद्यापीठाशी संलग्न नसलेली संस्था पदवी देऊ शकत नाही, पदविका देते. त्यात गैर काही नाही. आयआयएम सुद्धा २०१७ चा कायदा येईपर्यंत पदविकाच देत होत्या. पण अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेची मान्यता ठरावीक मुदतीचीच असते, आणि पदविका एमबीएच्या समकक्ष असल्याचा दाखला भारतीय विद्यापीठ संघाकडून घ्यावा लागतो. तो माझ्या संस्थेच्या अभ्यासक्रमाला नव्हता. माहितीपत्रकात "मान्यताप्राप्त" छापलं होतं, कोणत्या वर्षासाठी ते नव्हतं. कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. माझ्या भावाच्या वेळी मी स्वतः एआयसीटीईच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची यादी उघडून बघितली, मगच पैसे भरले.

स्टुटगार्ट, जर्मनी

पुण्यातून बी.कॉम., इथे मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स. जर्मनीत शिक्षण फुकट असं ऐकून आले होते, पण आमच्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो आहेत. तरीही परवडलं. खरी अडचण आधीच आली. विद्यापीठं पदवीचं नाव बघत नाहीत, त्यात अर्थशास्त्र किती, संख्याशास्त्र किती, याचे क्रेडिट मोजतात. दोन ठिकाणी मला संख्याशास्त्र कमी पडतं म्हणून नकार आला. कॉलेजच्या ऑफिसात चार खेपा घालून तीन वर्षांचा अभ्यासक्रम शिक्का मारून घेतला, पानन् पान जोडलं, तेव्हा तिसरीकडे प्रवेश झाला. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं (शैक्षणिक कागदपत्रं तपासणारं जर्मन केंद्र) प्रमाणपत्रही लागतं, त्याचा वेळ धरून चाला.

वर्ग इंग्रजीत होते. नोकरीचं बोलणं जर्मनमध्ये. जर्मन भाषेची बी टू पातळी झाल्यावरच मला मुलाखतींना बोलावणी यायला लागली.

परभणी

मी स्वतः शिकलेली नाही फार. मुलीसाठी वाचतेय सगळं. तिने बी.ए. केलं आहे, भूगोल. तिला चालेल का एमबीए? आणि फीचं कसं?

पुणे (धागा सुरू करणारी)

चालेल ताई, कोणत्याही शाखेची पदवी चालते. पदवीला किमान टक्केवारीची अट असते, ती सीईटीच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या. फीबद्दल: जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतूनच व्हायला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही मिळत. उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा. लातूरच्या दादांचं वर्ष कशाने गेलं ते वर वाचलंत ना.

आणि साताऱ्याच्या दादा, भाचीने तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तिला विचारायचंय, कायद्याच्या पेपरच्या सरावाला तुम्ही मूळ अधिनियम मराठीतून वाचलात की इंग्रजीतून? आणि ती यंदा शेवटच्या वर्षाला आहे, तर निकाल हातात यायच्या आधी अर्ज भरता येतो का?