निरोगी माणसाच्या पॅकेजात ट्यूमर मार्कर कशाला?

गवतीचहा
बहीण, वय ४१, ठणठणीत. कंपनीच्या वार्षिक तपासणीला यंदा 'लेडीज कॅन्सर पॅनल' जोडलेलं होतं. त्यातला सीए-१२५ हा ट्यूमर मार्कर, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा माग काढायला रक्तात मोजतात ते प्रथिन, आला ५८. मर्यादा ३५ची, म्हणून आकडा ठळक आणि शेजारी 'एच'. रिपोर्ट शुक्रवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर, डॉक्टर सोमवारी. मधले दोन दिवस ती गूगल करत बसली आणि भाऊजी तिच्या हातातून फोन काढून घेत बसले. मग सोनोग्राफी, मग एमआरआय. निघाली चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात तो आजार, कॅन्सर नव्हे). गायनॅक बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "रक्त दिलंत तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता?" दुसरा दिवस होता. हे प्रथिन पाळीतही वाढतं, फायब्रॉइडमध्ये वाढतं, पोटाच्या टीबीतसुद्धा वाढतं. रक्त घेताना हे कुणी विचारलं नाही.
काही त्रास नसलेल्यांना हे मार्कर विकणं बंद व्हावं, असं माझं स्पष्ट मत.

तिरकस_तात्या
साफ नामंजूर. आमच्या बाबांनाही काही त्रास नव्हता. पॅकेजमध्ये पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीचा मार्कर, वाढलेला, ११ आला, बायोप्सीत कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. चार वर्षं झाली, पहाटे पाचला फिरायला जातात आणि येताना सगळ्यांना उठवतात. 'बंद करा' हे त्यांच्यासमोर येऊन म्हणा. आणि काय हो, तुमच्या ताईंची सिस्ट तरी कळली ना?

गवतीचहा
कळली. पण पाळीत पोट दुखतं हे ती पंधरा वर्षं सांगत होती, 'सगळ्यांचंच दुखतं' म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तेव्हा 'ठणठणीत' हा शब्द मी मागे घेते. तिला तपासायलाच हवं होतं, पण नीट ऐकून घेऊन. कॅन्सरची भीती घालून नाही.

दुसरं_मत
तात्या, बाबांचं चांगलं झालं, आनंदच आहे. पण एका माणसावरून धोरण ठरत नाही. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पाळी गेलेल्या दोन लाखांहून जास्त स्त्रिया अभ्यासात घेतल्या. एका गटाची दरवर्षी सीए-१२५, एका गटाची सोनोग्राफी, उरलेल्यांची काहीच नाही. २०२१ मध्ये शेवटचा निकाल आला. सीए-१२५च्या गटात लवकरच्या टप्प्यातले कॅन्सर जास्त सापडले, तरी अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत. 'लवकर सापडलं म्हणजे वाचलं' हे आपण गृहीत धरतो. इथे ते लागू पडलं नाही.
साधा हिशेब करा. समजा १०,००० बायकांत ५ जणींना आजार आहे आणि चाचणी निरोगी बाईला ९८ टक्के वेळा बरोबर ओळखते. तरीही दोनशे निरोगी बायकांच्या रिपोर्टवर 'एच' छापला जाणार.

तिरकस_तात्या
तो अंडाशयाचा हिशेब. पीएसएचा सांगा की!

दुसरं_मत
सांगतो, आणि तो थोडा तुमच्या बाजूचा आहे. युरोपच्या मोठ्या अभ्यासात १३ वर्षांनंतर प्रोस्टेटच्या कॅन्सरने होणारे मृत्यू पाचव्या हिश्श्याने कमी दिसले. पण एक मृत्यू टाळायला ७८१ पुरुषांना तपासणीला बोलवावं लागलं आणि २७ कॅन्सर जास्तीचे हुडकले गेले. त्यातले बरेच असे, की कळले नसते तरी तो माणूस दुसऱ्याच कशाने तरी गेला असता. उपचारांनंतर लघवीवरचा ताबा सुटणं वगैरे मात्र वाट्याला येतं. म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ मध्ये 'नको' म्हटलं आणि २०१८ मध्ये '५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा' असं बदललं. बोलून! पॅकेजमध्ये ढकलून नाही.

रात्रपाळी
मी कॅज्युअल्टीत असतो. सगळ्या मार्करना एकाच काठीने हाणू नका. डोक्याला मार लागल्यावर मेंदूच्या पेशींतून जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिनं रक्तात उतरतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये या जोडीला परवानगी दिली, ती निदानासाठी नव्हे, तर 'सीटी स्कॅन टाळता येईल का' हे ठरवायला. दोन्ही कमी आले तर आत रक्तस्राव नसल्याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर. जास्त आले म्हणजे रक्तस्राव आहेच, असं मात्र नाही. सीआरपीचंही तेच. ते प्रथिन यकृतात बनतं आणि कुठेतरी दाह आहे एवढंच सांगतं. कुठे आणि कशामुळे, ते पेशंटला हात लावून बघायचं असतं. आमच्याकडे लोक सीआरपीचा कागद नाचवत अँटिबायोटिक मागायला येतात.

लॅबातला_माणूस
माझं पोट यावरच आहे, तरी सांगतो. मार्करची खरी किंमत उपचार सुरू झाल्यावर. आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर उतरलेला सीईए पुन्हा चढू लागला, तर तो आकडा सोन्यासारखा. पण दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवून रडू नका. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही मशीनवर त्या निकाल फिरवतात.

चिंतू_कल्याण
माझं पॅकेज उद्या सकाळी आहे. त्यात सीईए आहे. घाबरलो आता. करू का?

लॅबातला_माणूस
सिगारेट?

चिंतू_कल्याण
दिवसाला सहा.

लॅबातला_माणूस
मग सीईए तसाही थोडा वर येऊ शकतो. त्यापेक्षा फिजिशियनला भेटा, आणि घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय का ते विचारून जा.

चिंतू_कल्याण
सीईए काढायला सांगितलं तर पैसे कमी होतील का?

लॅबातला_माणूस
नाही. पॅकेज आहे ते.