मराठी विज्ञानकथांचे ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करताना : एकाच दुकानाशी बांधून घ्यावे का?

धूमकेतू_नाशिक (प्रश्न)

नमस्कार. निरनिराळ्या दिवाळी अंकांतून प्रसिद्ध झालेल्या माझ्या विज्ञानकथा आणि मंगळावरील वसाहतीवर लिहिलेली एक अप्रकाशित दीर्घकथा असा ऐवज माझ्याजवळ आहे. विज्ञानकथांचा संग्रह खपत नाही, असे सांगून दोन प्रकाशकांनी सभ्यपणे नकार दिला. तिसऱ्या ठिकाणी संपादन, मुखपृष्ठ आणि प्रसिद्धी यांचे एकत्रित शुल्क मागितले गेले. प्रसिद्धी म्हणजे नेमके काय, असे विचारल्यावर मात्र समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तेव्हा ई-पुस्तक स्वतःच काढावे, असे ठरवले आहे.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. अ‍ॅमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर, म्हणजे केडीपीवर, पुस्तक देताना 'सिलेक्ट' योजनेत जाऊन ते फक्त तेथेच ठेवावे, की गूगल प्ले बुक्स, कोबो, बुकगंगा अशा सर्व ठिकाणी एकदमच द्यावे? दीर्घकथा स्वतंत्र काढावी की संग्रहातच ठेवावी? आणि ज्यांनी विज्ञानकथाच अशा रीतीने प्रकाशित केल्या आहेत, त्यांना कोणत्या गोष्टीचे महत्त्व अनुभवानंतर अधिक वाटू लागले?

कक्षाबाह्य

मी विज्ञानकथांची काही ई-पुस्तके स्वतः प्रकाशित केली आहेत, त्यामुळे आधी हिशेब मांडतो आणि मग मला जे खरोखर महत्त्वाचे वाटते त्याकडे येतो.

केडीपीवर मानधनाचे ३५ टक्के आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर पुस्तक सिलेक्टमध्ये असावे लागते. शिवाय ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार पोचवणुकीचा खर्च कापला जातो. भारतातील दुकानासाठी तो प्रत्येक एमबीला ७ रुपये आहे. पुस्तकाची किंमत १५० रुपये आणि फाइल १ एमबीची असेल, तर कर बाजूला ठेवून हाती १००.१० रुपये येतात आणि ३५ टक्क्यांच्या पर्यायात ५२.५० रुपये येतात. तीच फाइल रंगीत चित्रांमुळे ६ एमबीची झाली, तर ७० टक्क्यांच्या पर्यायातही ७५.६० रुपयेच उरतात. अंतराळयानांच्या चित्रांची हौस असणाऱ्यांनी हे आकडे पाहून ठेवावेत.

सिलेक्टचा करार ९० दिवसांचा असतो आणि आपोआप नूतनीकरणाच्या चौकटीतील खूण आपण काढली नाही, तर तो पुढे चालू राहतो. त्या मुदतीत पाच दिवस पुस्तक विनामूल्य ठेवता येते आणि ते किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे ठरावीक वर्गणी भरून हवी तितकी पुस्तके वाचण्याच्या योजनेत, जाते. तेथे वाचकाने प्रथमच वाचलेल्या पानांनुसार पैसे मिळतात आणि पानामागचा दर दरमहा बदलतो. याचा अर्थ असा की सुटी, दहा-बारा पानांची कथा तेथे फारसे काही मिळवून देत नाही. लांबीचे आणि वाचकाला शेवटपर्यंत नेणारे पुस्तकच देते. म्हणून दीर्घकथा संग्रहातून बाहेर काढू नये, तीच शेवटी ठेवावी, असे माझे मत आहे. ती स्वतंत्र काढण्याचा मोह मला समजतो, परंतु मराठीत विज्ञानकथा शोधत येणारा वाचक मुळात थोडा. त्याला दोन छोट्या पुस्तकांमध्ये वाटून टाकण्यात शहाणपण नाही.

सिलेक्टची एक अट मात्र आपल्यासारख्यांनी दोनदा वाचावी. त्या मुदतीत पुस्तकातील मजकूर डिजिटल रूपात अन्यत्र उपलब्ध असता कामा नये. सुमारे दहा टक्के नमुन्याची तेवढी मुभा असते. ही अट छापील प्रतीला लागू नाही, पण अनेक दिवाळी अंक आपल्या कथा संकेतस्थळावर ठेवतात. आपल्या कथांपैकी एखादी तशी कोठे मोकळी पडली असेल, तर प्रथम ती काढून घ्यावी लागेल, अथवा सिलेक्टचा नाद सोडून सर्वत्र जावे लागेल. कथा खाली उतरवून घेता येत असतील, तर पहिली मुदत सिलेक्टमध्ये काढावी, खूण आधीच काढून ठेवावी आणि नंतर सगळीकडे जावे, असे मी सुचवेन. कायम एका दुकानाच्या आश्रयाला राहणे मला पटत नाही, कारण नियम त्यांचे असतात आणि ते बदलतात.

आता महत्त्वाचे. आपण कोणते दुकान निवडले, यापेक्षा दुकानात पुस्तक हाती घेऊन चाळणाऱ्याला पहिल्या पानांत काय दिसते, यावर बरेच अवलंबून असते. ई-पुस्तकाचा साधारण पहिला दहावा भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो. आपल्याकडची रीत अशी की अर्पणपत्रिका, मान्यवरांची प्रस्तावना, लेखकाचे मनोगत, ऋणनिर्देश आणि मग कथा. छापील पुस्तकात हे शोभते. ई-पुस्तकात मात्र सारा नमुना याच मानपानात संपतो आणि वाचकाला आपल्या कथेचे एक वाक्यही न वाचता निर्णय घ्यावा लागतो. हे सर्व मागे न्यावे. पहिली कथा छोटी, पूर्ण आणि संग्रहातील सर्वांत बळकट असावी, म्हणजे ती नमुन्यातच वाचून होईल. मराठी विज्ञानकथेबद्दल वाचकाच्या मनात जो एक संशय असतो, की येथे पात्रांच्या तोंडून पाठ्यपुस्तक ऐकावे लागेल, तो अशा कथेनेच फिटतो. प्रस्तावनेने फिटत नाही.

दुसरी गोष्ट संपादकाची. विज्ञानकथेला दोन वाचक आधी लागतात, एक भाषेचा आणि एक विज्ञानाचा, आणि हे दोघे क्वचितच एका व्यक्तीत सापडतात. आपली दीर्घकथा मंगळावर घडते, म्हणून उदाहरण देतो. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात रेडिओ संदेशाला एका दिशेने, ग्रहांच्या स्थितीनुसार, साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. तेव्हा नाशिकची आई आणि मंगळावरची मुलगी फोनवर भांडू शकत नाहीत. मंगळाचा सौरदिवस २४ तास ३९ मिनिटांचा असतो, म्हणून तेथील माणसाचे घड्याळ पृथ्वीवरच्या कार्यालयाशी रोज थोडे थोडे निसटत जाते. जाणता वाचक असल्या जागी चूक पकडतोच. पण मला अधिक मोलाचे वाटते ते हे की अशा अडचणीतूनच कथेला नवी वाट मिळते, आणि ती दाखवणारा विज्ञानाचा वाचक कोणत्याही एकत्रित शुल्काच्या योजनेत मिळत नाही. तो महाविद्यालयात, वेधशाळेत, विज्ञान परिषदेच्या वर्तुळात शोधावा लागतो.

मुद्राराक्षस

कक्षाबाह्य यांनी पैशांचे सांगितले. मी अक्षरजुळणीचे सांगतो, कारण पोटासाठी तेच करतो.

दिवाळी अंकांच्या कार्यालयाकडून आपल्याला जुन्या फाइली मिळणार असतील, तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, नसण्याची शक्यता मोठी आहे. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढला की वरवर तो ठीक दिसतो, पण रफार एका अक्षराने सरकतो, पहिली वेलांटी भलत्या व्यंजनावर बसते आणि 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'ऱ्हास' या शब्दांमधला अर्धा र जागोजाग बिघडतो. शब्दतपासनीस या सगळ्या चुका पकडत नाही. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द शोधा-सुविधेने एकेक काढून तपासणे कंटाळवाणे आहे, परंतु दुसरा उपाय नाही.

विज्ञानकथेची खास अडचण सूत्रांची. रासायनिक सूत्रातील खालचे अंक आणि गणितातील घातांक चित्र म्हणून चिकटवू नयेत. वाचक अक्षरे मोठी करतो तेव्हा चित्र तेवढेच राहते, आणि पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या शाईत काढलेले समीकरण रात्रीच्या काळ्या पडद्यावर दिसेनासेच होते. ते मजकुरातच, योग्य खुणा देऊन लिहावे. परिच्छेद दोन्ही बाजूंनी ताणू नयेत, कारण फोनच्या अरुंद पडद्यावर 'गुरुत्वाकर्षणविरहित' असा एक शब्द येताच ओळीतील बाकीचे शब्द दूर दूर फेकले जातात. डावीकडून जुळवलेली ओळ बरी. फाँट घालायचाच असेल, तर मुक्त परवान्याचा 'मुक्त' किंवा 'नोटो सेरिफ देवनागरी' घालावा. विकत घेतलेल्या फाँटचा परवाना ई-पुस्तकात तो अंतर्भूत करण्याची मुभा देतोच असे नाही.

ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या प्रचलित स्वरूपाची, फाइल तयार झाल्यावर किंडल प्रीव्ह्यूअर या अ‍ॅमेझॉनच्या पूर्वदर्शन-साधनात पाहावी आणि त्याशिवाय एका स्वस्त अँड्रॉइड फोनवरही पाहावी. मुखपृष्ठ एआयकडून काढून घेणार असाल, तर २०२३ पासून केडीपी पुस्तक चढवताना ते जाहीर करायला सांगते. वाचक तर ते न सांगताच ओळखतो, असे माझे निरीक्षण आहे.

कलम_आणि_कायदा

मूळ प्रश्नात न विचारलेली एक बाब. कथा दिवाळी अंकात छापून आली म्हणजे तिचा हक्क अंकाकडे गेला, असे होत नाही. प्रताधिकार अधिनियम १९५७ प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते. लेखी करार असला आणि त्यात मुदत नमूद नसली, तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश नमूद नसला, तर भारतापुरतेच हस्तांतर मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने असेही केले की करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा हक्क स्पष्ट उल्लेखावाचून जात नाही.

कथेसोबत छापलेले रेखाचित्र मात्र आपले नाही. चित्रकाराची लेखी परवानगी नसेल, तर ते ई-पुस्तकात घेऊ नये.

पुढे कोणी प्रकाशक छापील आवृत्तीसाठी आलाच, तर छापील हक्क आणि ई-पुस्तकाचे हक्क वेगळे ठेवता येतात, हेही ध्यानात असू द्या. अमेरिकेत ह्यू हाउई या विज्ञानकथालेखकाने स्वतः प्रकाशित केलेल्या आपल्या मालिकेचे फक्त छापील हक्क २०१२ मध्ये सायमन अँड शूस्टर या प्रकाशनसंस्थेला दिले आणि ई-पुस्तकाचे स्वतःकडे राखले. त्यांच्यामागे तेव्हा मोठा खप होता, आपल्यामागे तो नसेल. तरी मागायला हरकत नाही.

सातासमुद्रापार

मी केवळ वाचक आहे आणि बरीच वर्षे अमेरिकेत राहतो. छापील मराठी पुस्तक मागवले, तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून अधिक होतो, म्हणून ई-पुस्तकच घेतो. माझ्यासारखे अनेक जण शोध रोमन लिपीत घेतात, आणि 'विज्ञानकथा' हा शब्द रोमनमध्ये प्रत्येक जण निराळ्या रीतीने लिहितो. केडीपीवर शोधशब्दांसाठी सात जागा असतात असे ऐकून आहे. त्यांपैकी दोन-तीन या निरनिराळ्या रोमन लेखनांसाठी खर्च कराव्यात, ही विनंती. कित्येक चांगली पुस्तके मला केवळ कोणीतरी थेट दुवा पाठवल्यामुळे सापडली, आणि हे बरे नव्हे.

अमेरिकेतील दुकानासाठी किंमत रुपयांवरून आपोआप ठरू देऊ नका, ती वेगळी भरा. येथे एका कॉफीच्या किमतीला मराठी विज्ञानकथासंग्रह मिळत असेल, तर आम्ही कुरकुर करणार नाही.

धूमकेतू_नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रस्तावना एका ज्येष्ठ प्राध्यापकांकडून मागवून झाली होती. ती मागे नेण्याबद्दल त्यांच्याशी बोलावे लागेल, आणि ते बोलणे सोपे नसेल. आता दोन शंका उरल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, घ्यावा का? आणि मोजक्या छापील प्रती काढण्यात काही अर्थ आहे का?

कक्षाबाह्य

केडीपीच्या ई-पुस्तकाला आयएसबीएनची सक्ती नाही, दुकान स्वतःचा क्रमांक देते. तरीही आपण सर्वत्र जाणार असल्याने घेऊन ठेवावा. भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन अभिकरणाकडून विनामूल्य मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावे अर्ज करता येतो, आणि छापील व ई-आवृत्तीसाठी दोन वेगळे क्रमांक लागतात. ज्या कोणी हे क्रमांक मिळवून देण्याचे पैसे मागितले, त्याच्याशी पुढचे बोलणे थांबवावे.

छापील प्रतींना अर्थ आहे. आपल्याकडे पुस्तकाची दखल घेणारे परीक्षक, ग्रंथालये आणि पुरस्कार समित्या अजून कागदच हातात मागतात. मागणीनुसार छपाई करून देणाऱ्या 'पोथी' किंवा 'नोशन प्रेस' यांसारख्या सेवांमुळे घरात गठ्ठे रचून ठेवण्याची गरज राहिलेली नाही. प्रतीमागे खर्च जास्त पडतो, एवढेच. कराची बाजूही यात आहे. २०१८ मध्ये ई-पुस्तकावरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला, परंतु तो ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकासाठी. आपल्या बाबतीत ही सवलत प्रत्यक्षात कशी लागू होते, ते कर सल्लागाराला विचारून घ्या. त्याच भेटीत केडीपीवर भराव्या लागणाऱ्या अमेरिकी कराच्या प्रश्नावलीविषयीही ('टॅक्स इंटरव्ह्यू') विचारा. त्यात पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला, तर अमेरिकेतील विक्रीच्या मानधनातून ३० ऐवजी १५ टक्के कापले जातात. मानधन विक्रीचा महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी जमा होते, तेव्हा पहिल्या महिन्यात खाते रिकामे दिसले, तर घाबरू नये.

प्राध्यापक महोदयांना असे सांगून पाहा की छापील आवृत्तीत त्यांची प्रस्तावना आरंभीच राहील. बहुधा त्यांची हरकत नसेल.