हाताने घडवलेली, भरपूर वाजलेली जुनी गिटार घेताना नेमके काय पाहावे?

सहातारी

नमस्कार. एका कारागिराने स्वतःच्या हाताने घडवलेली, सुमारे वीस वर्षांपूर्वीची अकूस्टिक गिटार विकत घ्यावी की नाही, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. गिटार पोलादी तारांची आहे. तिची वरची फळी सिट्का स्प्रूसची, पाठ आणि बाजू भारतीय शिसवीच्या, तर फ्रेटबोर्ड (तारा दाबण्याची पट्टी) आबनुसाचा आहे. आतल्या लेबलावर कारागिराची सही, अनुक्रमांक आणि वर्ष स्पष्ट वाचता येते.

पहिल्या मालकाने ती शोभेसाठी ठेवलेली नव्हती, हे पाहताक्षणी कळते. साउंडहोलच्या (वरच्या फळीतल्या गोल भोकाच्या) खाली नखे घासून पॉलिश पूर्ण गेले आहे आणि उघडे लाकूड करडे पडले आहे. उजवा हात जिथे टेकतो, त्या कडेची चकाकी गेली आहे. पहिल्या तीन फ्रेटांवर (फ्रेटबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) बारीक तारांखाली खाचा पडल्या आहेत आणि ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे, लाकडाच्या रेषांना समांतर, सुमारे सहा सेंटिमीटरची एक चीर आहे, जी पूर्वी कधीतरी चिकटवलेली दिसते. आवाज मात्र मला मनापासून आवडला: बारीक तारा किनऱ्या वाटत नाहीत आणि जाड तारांवरचे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होत नाहीत.

विक्रेत्याचे म्हणणे असे की, इतकी वर्षे वाजल्यामुळे गिटार ‘खुलली’ आहे आणि म्हणून तिची किंमत त्याच कारागिराच्या नव्या गिटारच्या जवळपास असणे योग्य आहे. वर सांगितलेल्या खुणांपैकी कोणती खरोखर चिंतेची मानावी, आणि ‘खुलण्या’साठी वेगळे पैसे मोजावेत का, हे जाणून घ्यायचे आहे.

लाकूडकाम

तुम्ही सांगितलेल्या खुणांपैकी एकीमुळेही मी हा व्यवहार सोडला नसता. मला चिंता वाटते ती तुम्ही न सांगितलेल्या गोष्टीची, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) कोनाची.

सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून सुमारे सत्तर किलोचा ताण नेक आणि ब्रिज यांना एकमेकांकडे खेचत राहतो. वरची फळी अवघी तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते आणि आतून पट्ट्यांचा आधार असला तरी ती वर्षानुवर्षे या ताणाला थोडी थोडी नमत जाते. ब्रिजच्या मागे हलका फुगवटा येतो, नेक किंचित पुढे झुकते आणि तारा फ्रेटबोर्डापासून वर उचलल्या जातात. वाजवणाऱ्याच्या बोटांना हे जाणवते, तेव्हा तो सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पातळ पट्टी) घासून तारा खाली आणतो. असे एकदा-दोनदा करता येते, पण घासण्याजोगे सॅडलच उरले नाही की नेक उतरवून, तिच्या टाचेचा (शरीराला जोडलेल्या टोकाचा) कोन बदलून ती पुन्हा बसवावी लागते. या कामाला नेक रीसेट म्हणतात आणि नेहमीच्या दुरुस्त्यांमध्ये ते सर्वांत खर्चिक कामांपैकी एक आहे. पोलादी तारांच्या जवळजवळ प्रत्येक गिटारला आयुष्यात कधी ना कधी ते लागतेच, त्यामुळे तो दोष समजू नये. तो खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हे मात्र व्यवहाराआधी ठरले पाहिजे.

हे तपासायला विशेष साधने लागत नाहीत. गिटार सुरात लावून सहाव्या (सर्वांत जाड) तारेवर पहिला फ्रेट आणि नेक जिथे शरीराला मिळते तिथला फ्रेट एकाच वेळी दाबावा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते पाहावे. ती ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असेल, तर नेकचा बाक योग्य आहे. जास्त असेल, तर आधी ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या कांबीने) ती नीट करून घ्यावी, नाहीतर पुढची सगळी मोजमापे फसवी येतात. त्यानंतर एक सरळ पोलादी पट्टी फ्रेटांवर नेकच्या मध्यावरून ठेवून ब्रिजपर्यंत न्यावी. पट्टीचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला नुसते टेकले किंवा किंचित वरून गेले, तर कोन चांगला आहे. ते ब्रिजच्या पुढच्या कडेवर अडले, तर नेक झुकलेली आहे. सोबत दोन मापे घ्यावीत: बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची आणि ब्रिजच्या वर दिसणाऱ्या सॅडलची उंची. तीन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक सॅडल दिसत असेल, तर पुढची काही वर्षे निर्धास्त समजावीत.

हातासरशी ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहावा. तो आत शिरला, तर ब्रिज सुटू लागला आहे. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासह साउंडहोलमधून आत घालून ब्रिजखालच्या लाकडी पट्टीचे छायाचित्रही घ्यावे. तारांच्या टोकांच्या गोळ्यांनी तिथली भोके कुरतडली गेली असतील, तर तारा बदलताना त्रास होतो. हे काम नेक रीसेटइतके मोठे नाही, पण तेही किमतीत धरावे.

खर्ज

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. चिरेबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

रेषांना समांतर जाणारी चीर बहुतेक वेळा हवा कोरडी झाल्यामुळे पडते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, आतल्या पट्ट्या त्याला आकसू देत नाहीत आणि फळी सर्वांत कमकुवत रेषेवर उकलते. अशी चीर स्वच्छ चिकटवून आतून लाकडाचे छोटे तुकडे आडवे बसवलेले असतील, तर तिचा आवाजावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. खोलीत अंधार करून गिटारच्या आत एक लहान दिवा सोडावा आणि चिरेकडे बाहेरून पाहावे. कुठे उजेडाची रेघ दिसली नाही आणि नख फिरवल्यावर दोन्ही कडा एका पातळीत लागल्या, तर काम नीट झाले आहे. चीर ब्रिजच्या खाली शिरलेली असेल, तर मात्र ती एखाद्या कारागिराला अवश्य दाखवावी.

दुरुस्ती कशाने चिकटवली आहे, हेही विचारावे. सरस किंवा साधा लाकडाचा गोंद असेल, तर उष्णता आणि ओलाव्याने जोड सोडवून तो पुन्हा नीट करता येतो. इपॉक्सी भरलेली असेल, तर पुढच्या कारागिराचे हात बांधले जातात. माझ्या मते वाईट दुरुस्तीपेक्षा न दुरुस्त केलेली चीर केव्हाही बरी.

गेलेल्या पॉलिशचे काहीही करू नये. मूळ पॉलिश लाखेचे असो वा लॅकरचे, ते मुद्दाम पातळ ठेवलेले असते. त्यावर नवे जाड आवरण चढवले, तर वरच्या फळीचे कंपन दबते आणि हाताने घडवलेल्या वाद्याची किंमतही उतरते. उघड्या लाकडात घाम मुरण्याची भीती वाटत असेल, तर तेवढ्याच भागावर लाखेचा अगदी पातळ हात कारागिराकडून देऊन घ्यावा.

तीन फ्रेटांवरच्या खाचा ही तर जवळजवळ चांगली बातमी आहे. मालक बहुतेक नेकच्या सुरुवातीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवत असावा आणि वरचे फ्रेट ताजे राहिले असावेत. नव्या फ्रेटची उंची साधारण एक मिलिमीटर असते. खाचा उथळ असतील, तर सर्व फ्रेट समपातळीत घासून त्यांना पुन्हा गोलाई देता येते आणि खोल असतील, तर तेवढेच फ्रेट बदलता येतात.

निषाद

‘खुलण्या’बद्दल दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे मला वाटते.

पहिली गोष्ट लाकडाच्या वयाची. जुने होताना लाकडातील हेमिसेल्युलोज हा घटक हळूहळू विघटित होत जाते, लाकूड हवेतला ओलावा पूर्वीइतका शोषत नाही आणि वजन थोडे घटले तरी त्याचा ताठपणा बव्हंशी टिकून राहतो. हा बदल गिटार वाजवली काय किंवा पेटीत पडून राहिली काय, होतच राहतो. दुसरी गोष्ट वाजवण्याची. रोज वाजवल्याने आवाज मोकळा होतो, असे वादक आणि कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत आणि त्यांच्या कानांचा मी आदर करतो, पण तो परिणाम वयापासून, तारांपासून आणि हवेतल्या आर्द्रतेपासून वेगळा काढून मोजणे फार अवघड आहे. त्यामुळे त्या शब्दावर किंमत ठरू देऊ नये. आज तुमच्या कानाला जो आवाज येतो आहे, त्याचीच किंमत करावी.

तो आवाजही नीट ऐकावा. तारा जुन्या असतील, तर गिटार मवाळ आणि गोल वाटते आणि घेणारा तो गुण लाकडाचा समजतो. बारीक तारा किनऱ्या वाटत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून विक्रेत्याच्या परवानगीने, तुम्ही नेहमी वापरता त्याच जाडीच्या नव्या तारा चढवून पुन्हा ऐकणे मला अत्यावश्यक वाटते. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेटचा स्वर सारख्याच जोराने एकेक करून वाजवावा. मोठ्या शरीराच्या गिटारमध्ये आतल्या हवेचा अनुनाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर ९८ हर्ट्झचा आहे, त्यामुळे तिथे थोडी घुमारी येणे स्वाभाविक आहे. पण एखादा स्वर एकदम मोठा होऊन लगेच विझत असेल, तर तो खटकतो की चालतो, हे आधीच ठरवावे, कारण तो स्वभाव पुढे बदलत नाही. शेवटी दुसऱ्या कोणाला तरी ती वाजवायला सांगून समोर बसून ऐकावे. वाजवणाऱ्याला गिटार जशी ऐकू येते, तशी ती समोरच्याला येत नाही.

लाकडाबद्दल एक सूचना. पाठ भारतीय शिसवीची असेल, तर तयार वाद्याला नोव्हेंबर २०१९ पासून साइटिस (धोक्यातील वन्य जीव आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील) कराराच्या परवान्यातून सूट आहे. ती ब्राझिलियन शिसवीची निघाली, तर गोष्ट वेगळी: ते झाड १९९२ पासून त्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे आणि कागदपत्रांशिवाय असे वाद्य देशाबाहेर नेता किंवा विकता येत नाही. कारागिराकडून लाकडाचे नाव लेखी मिळाले, तर उत्तम.

सहातारी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे सर्व तपासले. नेकचा बाक योग्य निघाला. पट्टी मात्र ब्रिजच्या पुढच्या कडेवर, माथ्यापासून सुमारे एक मिलिमीटर खाली अडली. बाराव्या फ्रेटवर सहावी तार ३.२ मिलिमीटर उंच आहे आणि सॅडल ब्रिजच्या वर २.५ मिलिमीटर दिसते. ब्रिजखाली कागद शिरला नाही. चिरेतून उजेड दिसला नाही आणि आत लाकडाचे तीन तुकडे नीट बसवलेले आहेत. नव्या तारांवर आवाज अधिक उजळ झाला, तरी स्वरांचा वेगळेपणा तसाच राहिला आणि मला तो पूर्वीपेक्षाही आवडला.

लेबलावरचा क्रमांक देऊन कारागिराशीही संपर्क साधला. त्यांच्या वहीत या गिटारची नोंद होती: पाठ भारतीय शिसवीचीच आहे आणि नेक डव्हटेल (खाचेत बसवून चिकटवलेल्या) जोडाने नव्हे, तर बोल्टने बसवलेली आहे. आता तारा थोड्या खाली आणून गिटार तशीच वापरता येईल का?

लाकूडकाम

येईल, पण मी तसा सल्ला देणार नाही. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे तार जितकी खाली आणायची, त्याच्या दुप्पट सॅडल घासावे लागते. तुम्हाला ३.२ वरून २.४ मिलिमीटरवर यायचे असेल, तर सॅडलमधून १.६ मिलिमीटर जाईल आणि ब्रिजच्या वर जेमतेम ०.९ मिलिमीटर उरेल. मग तारा सॅडलवरून पुरेशा कोनात वळत नाहीत, सॅडलवरचा दाब कमी होतो आणि ज्या आवाजासाठी तुम्ही ही गिटार घेत आहात, त्याचीच धार जाते. या गिटारला नेक रीसेट लागणार, असे गृहीत धरूनच बोलणी करावीत.

बोल्टची नेक ही त्यातली समाधानाची बाब आहे, कारण डव्हटेलप्रमाणे वाफ सोडून जोड मोकळा करावा लागत नाही आणि खर्च बराच कमी होतो. शक्य असेल, तर काम त्याच कारागिराकडे द्यावे. स्वतः घडवलेल्या टाचेतून किती लाकूड काढायचे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि ती रक्कम विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. ‘नव्याच्या जवळपास’ ही किंमत नेक नुकतीच रीसेट झालेली असती, तर मीही मान्य केली असती. तोवर विक्रेत्याने फ्रेट घासून देण्याची तयारी दाखवली, तरी नम्रपणे नकार द्यावा, कारण नेकचा कोन बदलल्यावर शरीरावरच्या फ्रेटांची पातळीही थोडी बदलते आणि फ्रेटांचे काम त्यानंतरच करावे लागते.

बोल्ट आहेत म्हणून नेक घरी उतरवून पाहण्याचा मोह मात्र होऊ देऊ नये. साउंडहोलपर्यंत येणारी फ्रेटबोर्डाची जीभ बहुतेक वेळा वरच्या फळीला चिकटवलेली असते आणि ती उष्णतेने अलगद सोडवल्याशिवाय ओढली, तर स्प्रूसचे तंतू तिच्याबरोबर उचलले जातात. त्या जागी जी नवी चीर पडेल, तिला आत तुकडे बसवायलाही जागा नसते.