राष्ट्रगीत न गाणाऱ्या विद्यार्थ्याकडून हमीपत्र मागता येते का?

राजारामपुरीकर
आमच्या शेजारचा मुलगा कोल्हापुरातील एका अनुदानित शाळेत नववीत आहे. त्याचे कुटुंब यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे आहे. परिपाठात राष्ट्रगीत सुरू झाले की तो सावधान उभा राहतो, पण स्वतः गात नाही. आता शाळेने ‘यापुढे मी राष्ट्रगीत गाईन’ असे हमीपत्र पालकांच्या सहीनिशी मागितले असून, ते न दिल्यास दाखला काढून न्यावा असे तोंडी सांगितले आहे. कायद्याने असे करता येते का?

मंगळवार पेठेतील एक वकील
नाही. अगदी असेच प्रकरण केरळमध्ये १९८५ साली घडले होते. एकाच घरातील तीन भावंडे उभी राहत पण गात नसत, आणि चौकशीत ती शिस्तप्रिय असून राष्ट्रगीताचा अवमान करत नाहीत असे निष्पन्न होऊनही त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीतात कोणाच्याही धर्माला बाधेल असे काही नाही, असे म्हणून पालकांची याचिका फेटाळली. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ती श्रद्धा आपल्याला पटते की नाही हा प्रश्नच नसून, ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे की नाही एवढेच पाहायचे, असे न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी स्पष्ट केले.

निकालाला दोन आधार आहेत. अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्याचा, तर अनुच्छेद १९(१)(क) अभिव्यक्तीचा. दुसऱ्याबाबत मुद्दा असा, की अभिव्यक्तीवर बंधन घालायचे तर त्यासाठी कायदा लागतो. शिक्षण खात्याचे परिपत्रक पुरत नाही. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर अडथळा आणणाऱ्यास शिक्षा देतो, मुकाट्याने उभे राहणाऱ्यास नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज
वकीलसाहेब, कायदा तुम्ही सांगता तसा असेलही, परंतु आठशे मुलांचा परिपाठ तुम्हाला घ्यावा लागत नाही. आज एक गप्प राहिला तर उद्या दहा जण कंटाळा म्हणून गप्प राहतील. सक्ती म्हणजे वाईटच असेही नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, म्हणून तर आपल्या आज्या-पणज्या शिकल्या.

मंगळवार पेठेतील एक वकील
सर, महाराजांनी मुलांना शाळेत आणण्याची सक्ती केली. अमुक वाक्य मनापासून मानतो असे वदवून घेण्याची नव्हे. कंटाळ्याने गप्प बसणाऱ्याला शिस्त लावायला कोणाची हरकत नाही, आणि खरी श्रद्धा कोणती व आळस कोणता हे मुख्याध्यापकांइतके कोणाला कळणार?

अमेरिकेतही हाच वाद झाला. ध्वजवंदनाची सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये वैध ठरवली आणि तीनच वर्षांत, ऐन महायुद्धात, स्वतःचा निकाल बदलला. मला त्यातली लक्षणीय गोष्ट ही वाटते, की तो १९४३ चा निकाल धर्मावर नव्हे तर अभिव्यक्तीवर उभा आहे. त्यामुळे श्रद्धा नसलेल्यालाही तेच संरक्षण मिळते. आपल्याकडे २०१३ मध्ये प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, तोही याच वळणाचा.

राजारामपुरीकर
मग पालकांनी हमीपत्र द्यायचेच नाही का?

मंगळवार पेठेतील एक वकील
मागितले आहे तसे देऊ नये. त्याऐवजी ‘आमचा मुलगा राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभा राहील’ असे पत्र स्वतःहून द्यावे, सोबत १९८६ च्या निकालाची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. दाखल्याचे काहीही असले तरी ते लेखी मागावे. प्रकरण तिथे मिटले नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पुढची पायरी आलीच तर मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे.