प्रतिसाद: चार दिवस ऊन होतं, नदी काचेसारखी, तरी सामन नाही?

स्कॉटलंडला चार दिवस गळ टाकूनही सामन (समुद्रातून नदीत चढणारा मासा) का लागला नाही, असं विचारलंत. अहो, ऊन होतं म्हणूनच नाही मिळाला! स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या बहुतेक नद्या आखूड आणि उताराच्या, वर बर्फ नाही की मोठं धरण नाही, सगळा कारभार पावसावर, त्यामुळे डोंगरात जोरात पडला की काही तासांत पाणी चढतं आणि एकदोन दिवसांत परत गुडघाभर. मासे तोवर खाडीत ताटकळत असतात, पूर आला की वर घुसतात (आपल्याकडच्या चढणीच्या माशांची आठवण येतेच). पण ऐन पुरात गढूळ पाण्यात गळ टाकून उपयोग नाही, पाणी ओसरायला लागून कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं की तेच काही तास खरे. म्हणून आठवडाभर आधी बुकिंग म्हणजे जुगारच, त्यात तिकडे रविवारी सामन आणि सी ट्राउट (हाही समुद्रातून नदीत येणारा, ट्राउट जातीचा मासा) दोन्हींची गळाने मासेमारी कायद्याने बंद.

पाणी कमीच राहिलं तर सामनचा नाद सोडा, सी ट्राउटसाठी पूर्ण अंधार पडल्यावर जा. दिवसा तो फार बुजतो, रात्री मात्र डोहाच्या शेपटाकडे, म्हणजे खालच्या टोकाला, उथळ पाण्यात येतो. फक्त टॉर्च पाण्यावर मारू नका, आणि डोह दिवसाउजेडी नीट बघून ठेवा, नाहीतर मासा राहील बाजूला आणि तुम्हीच आत.